पायाला लागलेली रत्ने

दख्खनच्या काळ्या पाषाणात रत्नांच्या जातीचे दगड भरलेले आहेत. त्यांना रत्ने म्हणायची आपल्याला सवय नाही एवढेच. पुणे जिल्ह्यातल्या कुकडी नदीकाठच्या येडगावापासून नाणेघाटापर्यंतचा सगळा मुलूख याच पाषाणावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी या पोकळ्यांत झिरपत गेले आणि थरावर थर साचून त्यातून स्फटिक, अकीक, यास्फे (जॅस्पर) तयार झाले. लोहाचा अंश मिसळला तिथे दगडाला तांबूस रंग चढला. विहीर खणताना असा दगड निघाला, तर शेतकरी त्याला गारगोटी म्हणतो आणि बांधावर टाकून देतो.

बायबलचे शेवटचे पुस्तक, ‘प्रकटीकरण’, याच जातीच्या दगडांवर एक नगर उभे करते. एकविसाव्या अध्यायात पुस्तकाचा लेखक योहान याला नवे यरुशलेम दिसते. त्याच्या तटाला बारा पाये आहेत आणि प्रत्येक पाया एकेका रत्नाने सजलेला आहे. नीलमणी आणि पाचू त्यांत आहेतच. पण आजच्या खनिजशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर यास्फे, कॅल्सेडनी, तांबडा सार्दि, ॲमेथिस्ट अशी जवळजवळ निम्मी रत्ने गारगोटीच्या कुळातली निघतात. तट तर सगळाच यास्फेचा. ही वैभवाची यादी म्हणून वाचून पुढे जाणे सोपे आहे. माझ्या मते ख्रिस्ती शास्त्राने रत्नाविषयी सांगितलेली सर्वांत खोल गोष्ट इथेच आहे: रत्नाचे मोल त्याच्या दुर्मिळतेवरून ठरत नाही, ते कुठे लागले आणि त्यावर कोणाचे नाव आहे यावरून ठरते.

या विचाराची सुरुवात फार मागे, ‘निर्गम’च्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. महायाजक अहरोनाच्या ऊरपटावर चार ओळींत बारा रत्ने जडवायची आणि प्रत्येकावर इस्राएलाच्या एकेका वंशाचे नाव कोरायचे, अशी तिथे आज्ञा आहे. खांद्यांवरच्या दोन रत्नांवरही सहा-सहा नावे आहेत. पहिल्या शतकातल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने या बारा रत्नांचा संबंध बारा महिन्यांशी जोडला, आणि जन्ममहिन्याच्या खड्याच्या कल्पनेचे मूळ तिथवर नेले जाते. आपल्याकडेही खडा ग्रहपीडा टाळण्यासाठी बोटात घालतात. अंगठीतला खडा ज्याच्या बोटात असतो त्याचे रक्षण करील अशी श्रद्धा असते. अहरोनाच्या छातीवरची रत्ने मात्र त्याच्या स्वतःच्या रक्षणासाठी नव्हती. देवासमोर जाताना सगळ्या समाजाची नावे त्याने काळजावर वाहून न्यायची होती.

हीच रत्ने उलट्या हातात पडली की काय होते, तेही शास्त्राने लपवलेले नाही. यहेज्केल संदेष्टा सोर नगराच्या राजाला रत्नांनी मढलेला दाखवतो. व्यापारातून आलेल्या संपत्तीने त्याचे मन फुगते, आणि त्याच्या पतनाचे वर्णन करतानाच ती रत्ने मोजली जातात. ‘प्रकटीकरणा’च्या अठराव्या अध्यायात बाबेल नगर जळते आणि व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल घ्यायला आता कोणी उरलेले नाही. या मालाच्या यादीत सोने, चांदी, रत्ने, मोती आधी येतात; मग तलम वस्त्रे, हस्तिदंत, दालचिनी, धान्य, गुरे; आणि सगळ्यात शेवटी माणसे, त्यांची शरीरे आणि त्यांचे जीव. रत्नापासून निघालेली यादी गुलामापाशी येऊन थांबते. जगाच्या बाजारभावावर याहून कठोर टीका मी वाचलेली नाही.

ती बाजारपेठ आपल्याला परकी नव्हती. ‘प्रकटीकरण’ साधारण इसवी सन 95च्या सुमाराचे मानले जाते. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी रत्नांच्या उत्पत्तीत भारताला अग्रस्थान देतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जाणाऱ्या अकीकाच्या जातीच्या खड्यांचा उल्लेख आहे. योहानाने पाहिलेले दगड दख्खनचेच होते असे म्हणता येणार नाही. पण त्याचे वाचक ज्या बाजारात रत्ने पाहत होते, त्या बाजाराचे एक टोक आपल्या पठारावर होते.

सातवाहनकाळात जुन्नर हे याच व्यापाराच्या वाटेवरचे शहर होते. इथल्या लेण्यांत तीन यवन दात्यांचे शिलालेख आहेत: इरिल, चिट आणि चंद. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिटाने भोजनमंडप दिला. ही माणसे ख्रिस्ती नव्हती. दान बौद्ध संघाला होते. तरीही दूरदेशीच्या माणसाची संपत्ती तहानलेल्याचे पाणी आणि भुकेल्याचे जेवण झाली, याची नोंद या डोंगरांनी सुमारे दोन हजार वर्षे जपली आहे. तो काळ आणि तो व्यापार बाबेलच्या यादीचाच, पण संपत्तीचा उपयोग मात्र अगदी वेगळा.

आता पुन्हा योहानाच्या नगराकडे पाहू. पाया हा इमारतीचा सगळ्यांत दबलेला भाग. तिथे ओबडधोबड दगड भरायचे आणि घडीव, मौल्यवान काम कळसासाठी राखायचे, ही जगाची रीत. या नगरात सर्वांत मोलाचा दगड सर्वांत खाली आहे, आणि बारा पायांवर बारा प्रेषितांची नावे आहेत. त्यांत गालील सरोवरावरचे मासेमार होते आणि समाजाने तिरस्कारलेला जकातदारही परंपरेने त्यांतच मोजला जातो. अहरोनाच्या ऊरपटावरची नावांची आणि रत्नांची जोडी इथे जमिनीत उतरली आहे. नगराच्या वेशी दिवसा बंद होत नाहीत, रात्र तिथे नाहीच, आणि नगरात मंदिरही नाही. त्यामुळे राखीव गाभारा नाही आणि बंद दार नाही. बाबेलमध्ये विकली जाणारी रत्ने इथे विक्रीबाहेर गेली आहेत, कारण पायातला दगड काढून कोणी बाजारात नेत नाही.

यशया संदेष्ट्याने हे आधीच सांगितले होते. चोपन्नाव्या अध्यायात रत्नांच्या पायाचे वचन मिळते ते वादळाने झोडपलेल्या, कोणी धीर न दिलेल्या नगरीला. स्तोत्रकर्त्याने बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाला कोपऱ्याचा मुख्य दगड केले. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर माणसेच जिवंत दगड होतात.

या शिकवणीचा सर्वांत जवळचा मराठी दाखला येडगावच्याच पुणे जिल्ह्यात, दौंडजवळच्या केडगावला आहे. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि बालविधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे केले. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. छपाईचे काम मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या मुली-स्त्रियांनी केले. रमाबाई 1922 साली गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना घराने आणि समाजाने टाकून दिले होते, त्यांच्या हातांनी बारा रत्नांची ही यादी मराठीत छापली गेली. त्या पानांवर त्या स्त्रियांची नावे नाहीत. तरी शास्त्राच्या हिशेबाने पायाचे दगड त्याच आहेत.

चर्चच्या इतिहासाने ही शिकवण नेहमी पाळली असे नाही. मुकुटांत आणि बिशपांच्या अंगठ्यांत रत्ने जडवली गेली, वसाहतींतून लुटलेली संपत्ती वेद्यांवर चढली. म्हणून ‘प्रकटीकरणा’चे दोन अध्याय एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला हवेत. अठरावा सोडून एकविसावा वाचला, तर त्याचे श्रीमंतीचे स्वप्न होते. दोन्ही एकत्र वाचले की तो न्याय होतो.

हा न्याय ख्रिस्ती वाचकांपुरता नाही. येडगावच्या धरणातून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्याच्या शेतांपर्यंत पोहोचतो. असे कोणतेही धरण ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्यावर आणि ज्यांनी माती-दगड वाहिले त्यांच्यावर उभे असते. आपल्या प्रकल्पांच्या कोनशिलांवर मात्र उद्घाटन करणाऱ्यांची नावे कोरण्याची प्रथा आहे. योहानाचे नगर या प्रथेच्या मुळावर घाव घालते: नाव त्याचे कोरा, ज्याच्यावर भार आहे. धरण असो, शाळा असो की एखादा ग्रंथ, खाली कोण आहे हे शोधून त्यांची नावे लिहून ठेवण्याचे काम मंत्र्यांवर सोडायला नको. ते ग्रामपंचायतीने करावे, शाळांनी करावे, आपण लिहिणाऱ्यांनी करावे. रत्नाचे मोल जाणणे म्हणजे माझ्या लेखी एवढेच.