झाकणातली रिंग

भिलाईच्या सेक्टर 10 मधल्या बाजारात एक लहानसं हॉटेल होतं. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी थाळी, संध्याकाळी समोसे आणि दिवसभर चहा. शेजारच्या सेक्टर 9 मध्ये पोलाद कारखान्याचं मोठं हॉस्पिटल असल्यामुळे फ्लास्क किंवा डबा घेऊन येणाऱ्यांची इथे कायम ये-जा असे. अशा या हॉटेलात एके दिवशी 46 वर्षांचा एक टर्नर कामाला लागला.

त्याचे वडील भंडारा जिल्ह्यातून आलेले. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि त्या काळात विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं हावड्याच्या दिशेची गाडी धरून इथे आली ती इथलीच झाली. वडिलांनी सारी उमर रेल मिलमध्ये रूळ तपासण्यात काढली. ते म्हणत, "रुळावरून कोण जाणार आहे, हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक रूळ आपल्याच माणसासाठी आहे असं समजून बघायचा."

मुलाला त्या कारखान्यात नोकरी मिळाली नाही. तो हथखोजच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला आणि 22 वर्षं उभाच राहिला. केसभर फरकसुद्धा त्याच्या बोटाला मायक्रोमीटरच्या आधी कळायचा. पुढे ऑर्डरी आटल्या. एका सकाळी निम्म्या कामगारांना गेटवरूनच परत पाठवलं. "काम आलं की बोलावू," एवढंच सांगितलं. त्याला चौदा महिने झाले. आधी शिल्लक संपली, मग बायकोच्या बांगड्या गेल्या, मग मुलीच्या क्लासची फी थकली. शेवटी बायको म्हणाली, "अहो, काम येईपर्यंत तरी काहीतरी हाताशी धरा."

त्याने हॉटेलातलं काम धरलं, पण मनाने धरलं नाही. "चार दिवसांचं आहे," असं तो भेटेल त्याला सांगायचा. रिसालीहून सायकलवर येताना तोंडाला गमछा बांधायचा, आणि ओळखीचं कुणी दिसलं तर हॉटेलातही तो सोडायचा नाही. पेला एकदा पाण्यात बुडवला की धुतला. टेबलावर फडका एकदा फिरला की पुसलं. पोह्यांत शेव घालायची राहिली तर गिऱ्हाईक मागून घेईल. आपण मूळचे टर्नर. इथे जीव ओतायचं कारण काय?

हॉटेलातले स्वयंपाकी वयस्क होते. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांची उमेदीची वर्षं इंडियन कॉफी हाऊसमध्ये गेली होती. याचा उतरलेला चेहरा रोज बघून एका दुपारी ते म्हणाले, "बेटा, घरी बसवलेला तू पहिला नाहीस. आम्ही ज्या कॉफी हाऊसमध्ये तुऱ्याची पगडी घालून उभे राहायचो, ते नोकरी गेलेल्या माणसांनीच उभं केलंय. आधी ती कॉफी हाऊसं कॉफी बोर्डाची होती. बोर्डाने ती बंद करायला घेतली, वाढपी, आचारी रस्त्यावर आले. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना धीर दिला. त्या लोकांनी सहकारी सोसायट्या काढल्या. 1957 मध्ये बंगळुरूला पहिली, मग दिल्लीला, मग ठिकठिकाणी. नोकरी गेली होती, पण कॉफी कशी द्यायची ते त्यांच्या हातातून गेलं नव्हतं. म्हणून पुन्हा उभे राहिले."

त्याने ऐकलं आणि मान हलवली. ते वाढपीच होते, आपण टर्नर, असं मनात म्हणून पेले बुडवायला गेला.

दोन दिवसांनी बालोदकडचे एक म्हातारबाबा आले. बायको हॉस्पिटलात होती. त्यांनी जुना स्टीलचा फ्लास्क पुढे केला. "जरा धुऊन गरम दूध भरून द्या." त्याने आत पाणी घालून दोनदा हलवलं, ओतून टाकलं, दूध भरलं आणि झाकण फिरवून दिलं.

अर्ध्या तासाने बाबा परत आले. फ्लास्कमधलं दूध फाटलं होतं. ते रागावले नाहीत. उलट हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "फ्लास्क जुना झालाय माझा, त्याचाच दोष. तीन दिवसांनी आज ती दूध घेते म्हणाली होती. अजून थोडं मिळेल का? पैसे देतो."

त्याने झाकण हातात घेतलं. चमच्याच्या दांड्याने आतली रबरी रिंग उचकटली. खाली आदल्या दिवशीचं दूध आंबून पिवळट थर धरून बसलं होतं. रिंग निघते, हे बाबांना कुठून माहीत असणार? पण त्याला माहीत होतं. आयुष्यभर त्याने खाचा कापल्या होत्या, वॉशर बसवले होते. घाण कुठे साचते, हे त्याच्याइतकं त्या हॉटेलात कुणालाच कळत नव्हतं. लेथवर जॉब चुकला तर तपासनीस तो बाजूला काढतो. इथे तपासनीस नव्हता. इथला जॉब थेट आजाऱ्याच्या ओठाशी जात होता.

वडिलांचं वाक्य त्याला अनेक वर्षांनी नीट ऐकू आलं.

"बाबा," तो म्हणाला, "दोष फ्लास्कचा नाही. मी नीट धुतला नाही."

त्याने सोडा घालून उकळतं पाणी घेतलं. रिंग चोळली, खाच बोटाने घासली, वास घेतला, पुन्हा घासली. रिंग परत बसवून तिच्यावरून बोट फिरवलं. कुठे उचललेली नाही ना, ते पाहिलं. पाणी भरून फ्लास्क उलटा धरला. थेंब पडला नाही. मग दूध भरलं आणि पैसे घेतले नाहीत. ते आपल्या पगारातून कापायला मालकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबा लांबूनच म्हणाले, "अर्धा कप प्यायली."

त्या दिवसापासून त्याचा गमछा तोंडावरून खांद्यावर आला. पेले उजेडात धरून पाहिले जाऊ लागले. काम तेच होतं, पगार तोच होता. त्याला एवढंच उमगलं होतं की काम आपल्यासाठी तात्पुरतं असलं, तरी ज्याच्यापर्यंत ते पोचतं त्याच्यासाठी ते कधीच तात्पुरतं नसतं.

तिसऱ्या महिन्यात वर्कशॉपमधून फोन आला, "उद्यापासून या." बावीस वर्षांची सवय पाय ओढत होती. तरी तो म्हणाला, "दोन दिवस द्या. इथलं काम कुणाच्या तरी हाती देऊन येतो."

त्याच्या जागी बारावी झालेला एक मुलगा आला. पहिल्याच दिवशी मान खाली घालून पुटपुटला, "काका, मीपण इथे चारच दिवस आहे हं. भरतीचा फॉर्म भरलाय."

त्याने मुलाच्या हातात एक फ्लास्क आणि चमचा दिला.

"चार दिवस तर चार दिवस. आधी झाकणातली रिंग काढ."