‘असंतोष’ लिहिण्याआधी



चाकणच्या कारखान्यावरची तुझी बातमी वाचली. नातीचं नाव पेपरात छापून आलं म्हणून आजी शेजारीपाजारी अंक दाखवून आली. मलाही अभिमान वाटला. फक्त मथळ्यातल्या ‘कामगारांत असंतोष’पाशी मी अडलो, म्हणून हे पत्र.

इंग्रजी पेपर ज्याला ‘अनरेस्ट’ म्हणतात तोच हा शब्द, आणि त्याचा आपल्या चिंचवडशी जुना संबंध आहे. व्हॅलेंटाइन चिरोल हा लंडनच्या ‘टाइम्स’चा बडा पत्रकार. हिंदुस्थानावरच्या त्याच्या लेखमालेचं ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक १९१० साली निघालं. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. या अनरेस्टचं पितृत्व चिरोलने त्यांच्या माथी मारलं. शाळेत तू ‘भारतीय असंतोषाचे जनक’ असं कौतुकाने पाठ केलंस, तो मुळात आरोप होता. आपल्या माणसांनी त्याचं बिरुद करून मिरवलं, याचा मला आनंदच आहे.

पण त्या शब्दाने काय साधलं ते बघ. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर प्लेगचे रोगी शोधायला घराघरांत शिरू लागले. माजघर सुटलं नाही, देवघर सुटलं नाही. सामान रस्त्यावर आणून जाळलं जाई, घरच्या माणसांना उचलून सेग्रिगेशन कॅम्पात नेलं जाई. मग २२ जूनच्या रात्री, राणीचा हीरक महोत्सव साजरा होत असताना, दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिसरा भाऊ वासुदेव. तिघेही पुढे फासावर गेले. त्यांचा वाडा आपल्या चिंचवडगावात आहे, हे तुला मी सांगायला नको.

चिरोलच्या मांडणीत मात्र सगळा भार पडतो तो टिळकांच्या लेखणीवर. ‘अनरेस्ट’ म्हटलं की तापाची साथ आल्यासारखं होतं. कुणी काय केलं म्हणून लोक पेटले, हे विचारायची गरज उरत नाही. प्रश्न उरतो एवढाच की, फूस कोणाची? टिळकांनी सुटून आल्यावर चिरोलवर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. तक्रार ‘जनक’ म्हटल्याची नव्हती. रँड आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनांशी नाव जोडणाऱ्या मजकुराची होती. १९१९ मध्ये ते दावा हरले आणि वर खर्चाचा डोंगर उभा राहिला.

आपल्या पट्ट्यातल्या संपांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचत आलो. १९८९ साली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले, तेव्हा करार कोणत्या युनियनशी व्हायचा हा वाद होता. २०१३ साली चाकणच्या बजाज ऑटोत जूनअखेरपासून सुमारे पन्नास दिवस संप चालला. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या, अशी युनियनची मागणी होती. ती मान्य झाली नाही. ती रास्त होती का, यावर माणसांनी जरूर भांडावं. कंपनीचा भाव वाढतो त्यात गाडी जोडणाऱ्या हाताचा वाटा किती, हा केवढा मोठा प्रश्न आहे! ‘औद्योगिक असंतोष’ असं लिहिलं की तो प्रश्न वाचकापर्यंत पोचतच नाही. मला याची फार चीड येते.

आता तुझीच बातमी पुन्हा वाच. चौथ्या परिच्छेदात गेटवरचा कामगार काय म्हणतो? करार संपून दीड वर्ष झालं, मागणीपत्र दिलंय, मॅनेजमेंट नुसत्या तारखा देतंय. त्याच्या शेजारी उभा असलेला पोरगा ट्रेनी आहे. लाइन तीच, काम तेच, पण त्याला करार लागूच नाही. अगं, बातमी ही आहे! तू ती गोळा करून आणलीस आणि चौथ्या परिच्छेदात ठेवलीस. गेटवर कुणीही तुला ‘आमच्यात असंतोष आहे’ म्हणालं नसेल. ते म्हणतात, करार लटकलाय.

डेस्कवाले जागेची सबब सांगतील. ‘करार दीड वर्ष रखडला’ हा मथळा ‘कामगारांत असंतोष’पेक्षा फार जागा खात नाही. मॅनेजमेंटचं म्हणणंही नीट घे. ‘चर्चा सुरू आहे’ एवढ्यावर उठू नकोस, शेवटची बैठक कधी झाली ते विचार. आणि पुढच्या गेट मीटिंगला गेलीस की युनियनच्या माणसाकडे संपलेल्या कराराची प्रत माग. पगारवाढ किती, ती तीन वर्षांत कशी वाटून द्यायची होती, उत्पादन किती वाढवून मागितलं होतं, सगळं त्यात असतं. वाचताना अडलीस तर प्रत घेऊन घरी ये. असे कागद मी पुष्कळ वाचले आहेत, आपण दोघं बसून वाचू.

तुझे आजोबा
चिंचवडगाव