न उष्टावलेले अन्न

पानात टाकू नये, हा नियम आपल्यापैकी बहुतेकांना अक्षरओळखीच्या आधी शिकविला गेला. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत तो अजूनही पाळला जातो. नको असेल तर वाढणाऱ्यापुढे आधीच हात आडवा करावा. एकदा पानात पडले की संपवावे. या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अन्न वाया जाते ते पानात, म्हणजे खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्याच हातून. पातेल्यात उरलेल्याची काळजी घरची गृहिणी घेई. रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा होई, उरलेल्या भाताला फोडणी मिळे. जे उष्टे झाले नाही, शिळेही झाले नाही, असे अन्न कोणी हिशेबाने टाकून देईल, ही शंका त्या नियमकर्त्यांच्या मनाला शिवलीही नसावी. प्रस्तुत लेखाचा विषय हे न उष्टावलेले अन्न आहे, आणि ते टाकणारे हात.

रामबागेतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगा महाविद्यालयात शिकत असताना काही महिने एका फास्ट फूडच्या दुकानात कामाला होता. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. पुढे ज्या कंपन्यांचा उल्लेख येईल त्यांपैकी ते कोणाचेही नव्हते. रात्री दुकान बंद करताना तयार होऊन न विकले गेलेले पदार्थ मोजायचे, वहीत नग लिहायचे, सही करायची आणि सारे काळ्या पिशवीत घालायचे, हे काम त्याच्याकडे असे. वहीतील त्या रकान्याचे नाव ‘वेस्ट’. दुपारी तीनपासून उभा असलेला तो मुलगा रात्री बाराला भुकेला असे. पण पिशवीतील एक नग तोंडात टाकणे ही चोरी, आणि तिची शिक्षा कामावरून कमी होणे. एकदा त्याने आम्हांला विचारले, “काका, खाल्लं तर चोरी आणि टाकलं तर ड्यूटी, हे कसं काय?” आम्ही तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. त्याचा प्रश्न मात्र गेला नाही.

मालकाची बाजू आधी मांडली पाहिजे. उरलेले खाण्याची मुभा दिली तर कामगार संध्याकाळी मुद्दाम चार नग जास्त तळतील, असा त्याचा युक्तिवाद असतो. तो अगदीच पोकळ नाही. आपल्या लग्नकार्यांत कोठीच्या खोलीची किल्ली घरच्या कोण्या मावशीच्या कमरेला असे, ती याच संशयापोटी. शिवाय दुकानदाराच्या हाती उरते ते फार थोडे, हेही खरे. पश्चिम व दक्षिण भारतात मॅकडोनाल्डची दुकाने चालविणाऱ्या वेस्टलाइफ या कंपनीची २०२३-२४ मधील विक्री सुमारे २,३९० कोटी रुपयांची होती आणि निव्वळ नफा ७० कोटींच्या आत. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे तीन रुपयेही नाहीत. आता दुसरे टोक पाहावे. अमेरिकेतील मूळ कंपनी जगातील सुमारे ९५ टक्के दुकाने स्वतः चालवीत नाही. तिला स्वामित्वशुल्क मिळते आणि बहुतेक ठिकाणी जागेचे भाडेही. २०२३ साली तिच्या शंभर डॉलरच्या उत्पन्नामागे कामकाजाचा नफा ४५ डॉलरांहून अधिक होता. पदार्थ एकच, नाव एकच, पण एकाच्या वाट्याला तीन आणि दुसऱ्याच्या वाट्याला पंचेचाळीस.

यातील मर्म असे की स्वामित्वशुल्क विक्रीवर आकारले जाते, नफ्यावर नव्हे. दुकान तोट्यात असो की फायद्यात, वरचा हिस्सा आधी निघतो. भाडे ठरलेले, वीज ठरलेली, पदार्थांच्या किमतीही बाजार पाहूनच ठेवायच्या. दुकान चालविणाऱ्याला आवळता येतील अशा गोष्टी दोनच उरतात, माल आणि माणसाचा वेळ. म्हणून तर पाव नगाने मोजला जातो आणि मुलाची पाळी अर्ध्या तासाने मागेपुढे केली जाते.

हे गणित जन्मले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो गावी रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी आपले चांगले चालणारे खाद्यगृह बंद करून नव्या पद्धतीने उघडले. पदार्थांची यादी नवावर आणली. ताटल्या, काटे, चमचे काढून टाकले, मोटारीपर्यंत खाणे नेऊन देणाऱ्या मुली काढून टाकल्या आणि स्वयंपाकाचे असे तुकडे पाडले, की आचारी नसलेला माणूसही त्यातील एक तुकडा चटकन शिकावा. बर्गरची किंमत १५ सेंट ठेवली. १९५५ पासून रे क्रॉक यांनी ही पद्धत देशभर नेली आणि १९९६ साली ती दिल्ली-मुंबईत पोचली. मागणी येण्याआधीच पदार्थ तयार असणे, हा तिचा प्राण होता. तयार पदार्थाला मग आयुष्य ठरवून द्यावे लागले. गरम पेटीतील बर्गरला दहा मिनिटे, तळलेल्या बटाट्याला सात. अकराव्या मिनिटाला तो बर्गर नासत नसे. तो फक्त विकण्यास अपात्र ठरे, कारण थांबलेले गिऱ्हाईक परत जाण्याने होणारे नुकसान एका पावाच्या किमतीहून मोठे होते.

इथवर हे अपव्ययाचे साधे उदाहरण वाटेल. पण १९९८-९९ च्या सुमारास त्याच कंपनीने अमेरिकेत पद्धत बदलली. मागणी आल्यावरच बर्गर जुळवायचा असे ठरले. ताजेपणा वाढावा आणि टाकणे कमी व्हावे, असे हेतू त्यात होते. म्हणजे ज्या अपव्ययाला व्यवसायाची अपरिहार्यता म्हटले जात होते, तो परवडेनासा होताच टाळता आला. मात्र पूर्वी पेटीत अन्न थांबत होते. आता गिऱ्हाईक थांबू लागले आणि त्याच्या थांबण्याचे सेकंद मोजणारे घड्याळ भट्टीपाशी उभ्या असलेल्याच्या डोळ्यांपुढे आले. पाव वाचला, त्याची किंमत हाताच्या वेगाने भरली गेली. अन्न वाचविणे हे निरपवाद पुण्य आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत आलो होतो. ते कोणाच्या खर्चाने वाचते, हा प्रश्न विचारण्याची सवय आम्हांला नव्हती.

ती सवय तिकडे कामगारांनीच लावली. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील फास्ट फूडचे कामगार तासाला १५ डॉलर आणि संघटनेचा हक्क मागत रस्त्यावर आले. एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या साखळ्यांतील किमान वेतन तासाला २० डॉलर झाले. त्यावर मालकांचे उत्तर पुन्हा तेच, आमचे हात बांधलेले आहेत. ते खोटे बोलत होते असे नाही. बांधणारी दोरी कोणाच्या हाती आहे, एवढेच ते सांगत नव्हते.

आपल्याकडचे जुने दिवस फार चांगले होते, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. उडपी हॉटेलांत व आपल्या खानावळींत वाढप्याचे दोन वेळचे जेवण पगारात धरलेले असे, हे खरे. पण त्याच हॉटेलांत दहा-बारा वर्षांची पोरे कपबशा विसळत आणि रात्री टेबलांवर निजत. हॉटेले आणि ढाबे यांत बालकांना राबविण्यावर केंद्र सरकारची बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. तरीही त्या जेवणात एक शहाणपण होते. ज्याला पोटभर जेवण हक्काने मिळते, त्याला चार नग जास्त तळण्याचे कारणच उरत नाही. मालकाच्या संशयावर इतका स्वस्त उपाय दुसरा नसेल.

राहिला प्रश्न चोरीचा. आमचे मत असे, की वहीत ‘वेस्ट’ म्हणून सही झाली त्या क्षणी मालकाने त्या वस्तूचे मोल सोडून दिले. त्यानंतर उरतो तो दुसऱ्याला न देण्याचा अधिकार. आणि अन्नाच्या बाबतीत असा अधिकार कोणाला असावा, हे आम्हांला पटत नाही. तैत्तिरीय उपनिषदाची भृगुवल्ली अन्नाची निंदा न करणे, त्याचा अव्हेर न करणे हे व्रत सांगते. त्यात मालक आणि चाकर असा भेद नाही. कायद्याची अडचणही पुढे करता येत नाही. उरलेले सुरक्षित अन्न गोळा करून वाटण्याचे नियम २०१९ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने केले आणि जुलै २०२० पासून ते लागू झाले.

आमच्या शहरात तर एक निराळीच सोय झाली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंदुरात रोज ५५० टन ओला कचरा पचविणारा गोबर-धन प्रकल्प सुरू झाला आणि त्याच्या गॅसवर शहरबसगाड्या धावतात. आम्हांला या प्रकल्पाचा अभिमान आहे, तो लपविण्याचे कारण नाही. मात्र कुजलेली साले आणि न उष्टावलेला पाव एकाच भांड्यात गेले, की दोघांचे नाव ओला कचरा होते, आणि आपले मन हलके होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घरांतून आणि २८ टक्के खाद्यगृहांतून. तेव्हा घरचा वाटाही काही लहान नाही, हे ओघाने सांगितले पाहिजे.

गेल्या महिन्यात नातवंडांच्या आग्रहाने रात्री उशिरा आम्ही अशाच एका दुकानात गेलो. बंद होण्याची वेळ जवळ आली होती. काउंटरवरच्या मुलीला आम्ही म्हटले, “बेटा, नवीन काही करू नका, तयार असेल ते द्या.” तिने एकदा आमच्याकडे, एकदा पडद्याकडे पाहिले. “अंकल, असं बटणच नाहीये यात,” ती म्हणाली, आणि मागे उभ्या असलेल्या मुलाने आमच्यासाठी बटाट्यांची नवी जाळी तेलात सोडली.