दोन धनी आणि एक सही

देशाची चाकरी व सोबत्यांची साथ हे माणसाचे दोन धनी आहेत काय, की एकास धरले म्हणजे दुसऱ्यास सोडावेच लागते? १९८४ साली इंग्लंडातील चेल्टनहॅम येथे हजारो नोकरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

तेथे परदेशी संदेश टिपणारे सरकारचे गुप्त केंद्र आहे. २५ जानेवारी १९८४ रोजी परराष्ट्रमंत्री सर जेफ्री हाऊ यांनी पार्लमेंटात जाहीर केले की, तेथील नोकरांस यापुढे राष्ट्रीय कामगार संघटनांत राहता येणार नाही. हक्क सोडणाऱ्यास १,००० पौंड मिळतील. पूर्वीच्या संपांमुळे कामात खंड पडला, असे कारण देण्यात आले. काम बंद पडू न देण्याची हमी संघटनांनी देऊ केली. पंतप्रधान थॅचरबाईंनी ती स्वीकारली नाही. २८ फेब्रुवारीस देशभर निषेध झाला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायपीठाने सरकारच्या बाजूने निकाल दिला : एरवी नोकरांस आधी विचारणे योग्य झाले असते, पण राष्ट्राची सुरक्षितता त्याहून वरचढ.

बहुतेकांनी सही केली. त्यांस दोष देणारे आपण कोण? घरी लेकरे होती, भाकरीचा प्रश्न होता. १४ जणांनी मात्र शेवटपर्यंत नकार दिला व नोकरी गमावली. त्यांच्यासाठी दरवर्षी जानेवारीत त्या गावी मोर्चा निघे. मे १९९७ मध्ये नव्या सरकारने तो हक्क परत दिला.

पहारेकऱ्याने पहारा सोडू नये, हे मागण्याचा अधिकार राज्यास आहे. आपल्या राज्यघटनेचे ३३ वे कलमही सैन्य व पोलीस यांच्या हक्कांस मर्यादा घालण्याची मुभा संसदेस देते. परंतु पहारा सोडू नको म्हणणे वेगळे आणि सोबत्याचा हात सोड म्हणणे वेगळे. पहिली मागणी कामाविषयी आहे. दुसरी माणसाच्या मनाविषयी. आणि तो हक्क खरोखर देशघातकी होता, तर त्याची किंमत का मोजावी? घातकी नव्हता, तर तो का घ्यावा?

रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी हा प्रश्न मोठ्या मुलांपुढे अवश्य ठेवावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये. ज्याची निष्ठा पैशाने सोडवता येते, त्याच्या हाती देशाचे गुपित अधिक सुरक्षित की त्या चौदांच्या हाती, एवढेच विचारावे.