दुखणं सांगायचं कुणाला?

लोहगडवाडीतून मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जायचं तर आधी मळवली स्टेशन गाठायचं, मग लोकलनं पुणं. वाट तशी सरळ आहे. अडतं ते 'कुठं निघालात?' या शेजाऱ्याच्या साध्या प्रश्नापाशी. गुडघ्याचं दुखणं पारावर बसून सांगता येतं, हे नाही. पण ही लपवाछपवी आपण समजतो तितकी पुरातन नसावी.

'बाहेरचं आहे' म्हणणाऱ्या जुन्या समजुतीनं माणसांचे हाल केले. मारहाण, साखळदंड, उपास. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. तरी त्या समजुतीत एक सोय होती. दोष माणसाचा नसे, तो भुताच्या नाहीतर करणी करणाऱ्याच्या माथी जाई. त्यामुळे घरचे देवऋषाकडे उजळ माथ्यानं जात, कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलत, आणि भावकीही सोबत असे.

मग इंग्रजांचे कायदे आले. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांनी वेड हा दंडाधिकाऱ्याचा आणि पोलिसांचा विषय केला. दाखल होणं जवळजवळ अटकेसारखंच झालं. मनोरुग्णालयं असलेल्या ठाणं आणि येरवडा या गावांची नावं हळूहळू टोमणे होऊन बसली, आणि येरवड्यात तर तुरुंगही आहे! गंमत अशी, की १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते येरवड्याच्या याच मनोरुग्णालयाच्या आवारात. फाटक तेच होतं, पण व्यसनी माणसांच्या घरचे आपणहून तिथं येऊ लागले.

पुढे 'हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखा' हा प्रचार आला. तो खरा आहे, पण एकटा पुरत नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय, की अशा माहितीनं रुग्णाला दोष देणं कमी होतं, त्याच्याशी सोयरीक करायची तयारी मात्र वाढत नाही. माझा जास्त विश्वास घाटाखालच्या कर्जतवर आहे. डॉ. भरत वटवानी यांची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तिथं आणते, बरं करते आणि घरी पोचवते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो याच कामासाठी. ज्याची आशा सोडली होती तो माणूस गोळ्या घेत अंगणात बसलेला दिसला, की गावाला भित्तिपत्रक लागत नाही.

पण सोयरिकीचं काय? २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क केला, साखळदंडांना बंदी घातली. उलट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेडाचे वारंवार येणारे झटके लग्नाच्या आड येतात. त्यांच्याच शेजारी असलेला अपस्मार १९९९ मध्ये वगळला गेला, झटके तिथंच राहिले. मनोविकार हे घटस्फोटाचंही कारण आहे. नुसतं निदान त्यासाठी पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगितलं. पण स्थळ बघायला आलेली मंडळी निकालपत्र वाचून येत नाहीत.

उपचार घेतले की चिठ्ठी होते, चिठ्ठी उद्या कोर्टात पुरावा म्हणून निघू शकते. मुलीला डॉक्टरकडे न नेणाऱ्या बापाला आपण अडाणी म्हणतो. तो नेमका हाच हिशेब करत असतो, आणि हिशेबात तो फारसा चुकत नाही.