वापसा

अमळनेर तालुक्यात, बोरीकाठी, आबांचे आणि त्यांच्या पुतण्याचे दोन तुकडे बांधाला बांध लागून होते. दोन्ही काळे, खोल. मूग निघाला होता, दादर ज्वारी पेरायची होती. दादर जमिनीतल्या ओलीवरच पोसते, म्हणून ओल उडायच्या आत पेरणीची घाई. त्यात भाद्रपदाच्या शेवटी मोठा पाऊस झाला.

चौथ्या दिवशी वरची माती पांढुरकी पडली आणि पुतण्यानं भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला. आबांनी खुरप्यानं वीतभर उकरलं, तळची माती मुठीत दाबून गोळा केला आणि छातीच्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला नाही, थपकन बसला.

"आते नको भो. खाले ओली शे, वापसा नही."

पण ट्रॅक्टर आज गेला की आठ दिवस मिळणार नव्हता. भाड्याच्या ट्रॅक्टरवर ज्याची शेती, त्याला थांबणं किती जड जातं हे त्यालाच ठाऊक. पुतण्याला दोष देववत नाही. त्यानं नांगर घातला.

उलटलेली माती तेल लावल्यासारखी चकाकत होती. ओली चिकण माती फाळाखाली फुटत नाही, लिंपली जाते. हवेच्या पोकळ्या बुजतात, वरून ट्रॅक्टरचं दीड-दोन टनांचं ओझं. दोन दिवसांच्या उन्हात ढेकळं विटांसारखी झाली. रोटाव्हेटरनं वरचं बारीक केलं, तळचं लिंपण राहिलं.

आबा आणखी चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी गोळा पडताच भुगा झाला. ट्रॅक्टर दुसऱ्या गावी गेलेला, म्हणून शेजाऱ्याची बैलजोडी मागून वखर मारला. पेरणी लांबली, थोडी ओलही गेली. ते नुकसान त्यांनी सोसलं.

पौषात आबांची दादर डोक्यावर गेली. पुतण्याची कमरेशी पिवळी पडून उभी. आबांनी दोन्हीकडचं एकेक ताट कुदळीनं मुळासकट काढलं आणि बांधावर शेजारी ठेवलं. एकाची मुळं सरळ खाली गेलेली, दुसऱ्याची 6 इंचांवर आडवी वळलेली. पुतण्या त्या वळणावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, पीक निघालं की लगेच खोल नांगरतो.

"उन्हायामा तपू दे तिले," आबा म्हणाले. "काळी सोता फाटी."

वैशाखात रान भेगाळलं. एका दुपारी पुतण्यानं गुडघे टेकून भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. आतली माती गार होती.