मनुष्यऋण आणि टपालाची थैली

मनुष्य जन्मास येतो तो ऋण घेऊनच येतो, असा विचार शतपथ ब्राह्मणात मांडलेला आहे. त्यातील देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतात; परंतु त्याच ठिकाणी मनुष्यऋण म्हणून चौथेही एक ऋण सांगितले असून माणसांना आसरा आणि अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. याचे कारण मला असे दिसते की, पहिल्या तिन्ही ऋणांचा धनको आपल्या परिचयाचा, पूजेतला किंवा घरातला असतो, तर चौथ्याचा धनको म्हणजे वाटेने येणारा कोणीही; त्याने आपल्याला नेमके काय दिले हे सांगता येत नाही, आणि तरीही त्याचे देणे नाकारता येत नाही.

सार्वजनिक टपालखात्याचे पुढे काय होणार हा प्रश्न अलीकडे जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा तो जमाखर्चाच्या भाषेतच निघतो. पत्रे किती घटली, तूट किती वाढली, कोणती कचेरी कोणत्या कचेरीत मिळवून टाकावी, हे हिशेब काही खोटे नाहीत, आणि ज्याच्यावर कारभाराची जबाबदारी आहे त्याने ते मांडलेच पाहिजेत. परंतु नागपुरात सिव्हिल लाइन्समधील शंभरी ओलांडलेल्या मोठ्या टपालकचेरीत रांगेत उभा असताना मला नेहमी वाटते की, ज्या देण्यासाठी हे खाते चालले आहे, ते देणे खतावणीच्या कोणत्या पानावर लिहिलेले असते? धंद्यात तोटा येतो. ऋण फेडताना हातचा पैसा गेला तर त्याला तोटा म्हणण्याची आपली रीत नाही.

या देण्याचा आरंभ कोणा पुण्यवंताच्या हातून झाला असेही नाही. तिसरे रघूजी भोसले 1853 च्या डिसेंबरात निवर्तले आणि वारस नाही या सबबीवर लॉर्ड डलहौसीने पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच 1854 सालच्या 1 ऑक्टोबरपासून त्याच डलहौसीच्या अमदानीत असा नियम अमलात आला की, पाव तोळा वजनापर्यंतचे पत्र सरकारी मुलखाच्या कोणत्याही टोकास जावो, त्याचे हशील अर्धा आणाच पडेल. तोवर अंतर वाढे तसे हशीलही वाढे, म्हणजे दूर राहणे हा जणू एक दंडच होता. तो दंड माफ झाला. भोसल्यांच्या वाड्यातील जडजवाहीर ज्यांनी लिलावात काढले त्यांच्याच हातून ही समता यावी, हे मला पुष्कळ वर्षे खुपत असे. आता असे वाटते की, न्याय्य नियम अन्यायी हाताने लिहिला म्हणून तो त्याज्य ठरत नाही. मात्र लिहिणाऱ्याच्या हेतूहून त्याला मोठे करण्याचे काम मागून येणाऱ्यांकडे राहते. आणि ते काम साधे नव्हते. नियमात समता असली तरी गावात नव्हती. टपालकचेरी जिथे उच्चवर्णीयांच्या आळीत थाटलेली असे, तिथे अस्पृश्य मानलेल्या मनुष्याला स्वतःच्या पत्रासाठीही तिच्या दारापर्यंत जाणे दुरापास्त होई. दुसऱ्याचे बंद पाकीट न उघडण्याचा धर्मही सरकारने कधी बिनशर्त पत्करला नाही. 1898 च्या कायद्यात टपाल अडवून पाहण्याचा जो अधिकार होता, तो 2023 च्या नव्या कायद्यातही आहे.

तरीसुद्धा या संस्थेने मनुष्यऋणाची कल्पना किती उंच नेली, हे ज्याला पाहायचे असेल त्याने नागपूरच्या आकाशाकडेच पाहावे. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची विमानडाक सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने देशाच्या मध्यभागी म्हणून सोनेगावच्या तळावर एकत्र येत, मध्यरात्रीच्या दिव्यांत आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्या थैल्यांतील बहुतेक पत्रे नागपूरच्या कोणासाठी नव्हती आणि नागपूरच्या कोणी लिहिलेलीही नव्हती. गाव झोपलेले असे, आणि परक्यांचे शब्द परक्यांकडे जाण्यासाठी त्याच्या अंगणात हातबदल होत. गीतेतील निष्काम कर्माचा अर्थ पुष्कळदा वेतनावाचून केलेले काम असा सांगितला जातो, तो मला पटत नाही. थैली उचलणारा हमाल आपली मजुरी घेई, आणि ती त्याने घ्यावीच. ज्या फळावर त्याचा अधिकार नव्हता ते फळ निराळे होते: ते पत्र फुटल्यावर मद्रासेच्या एखाद्या माजघरात जो हर्ष किंवा आक्रोश होणार, त्यात त्याला वाटा नव्हता; आणि वाटा नसतानाही थैलीवरची मोहोर शाबूत ठेवणे हे त्याचे कर्म होते.

अशा सेवेपुढे थोरांनाही थोडे वाकावे लागते. वर्ध्याजवळच्या सेगावी गांधीजी राहू लागल्यावर त्यांची टपाल बुलढाण्याकडील शेगावला जाऊ लागली. तेव्हा 1940 साली त्यांनी आपल्या गावाचे नावच बदलून सेवाग्राम केले.

आता 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्ट्री ही स्वतंत्र सेवा म्हणून उरली नाही, ती स्पीडपोस्टात विलीन झाली. बहुतेकांनी ही कारभार सुटसुटीत करण्याची बाब मानली आणि पुढचे पान उलटले. परंतु रजिस्ट्रीची आकारणी वजनावर होती, अंतरावर नव्हती. स्पीडपोस्टच्या दरात मात्र अंतराचे टप्पे आहेत. साधे पत्र अद्याप पाच रुपयांत नागपुरातून सीताबर्डीलाही जाते आणि गडचिरोलीतील दूरच्या भामरागडलाही जाते. पण कोर्टाची नोटीस, वारसाचा कागद, नेमणुकीचा हुकूम असा जो जिन्नस पोचपावतीवाचून पाठवता येत नाही, त्याच्या बाबतीत 1854 साली माफ झालेला दूर राहण्याचा दंड 171 वर्षांनी पुन्हा रुजू झाला आहे. रक्कम लहान आहे, हे मी मान्य करतो. तत्त्व लहान नाही.

यावर आक्षेप असा येईल की, निरोप जर क्षणात फोनवर पोचतो तर कागदाच्या थैलीचा एवढा सोस का? डेन्मार्कमध्ये 1624 पासून चालत आलेली सरकारी पत्रवाटणी 2025 च्या अखेरीस थांबली आणि रस्त्यांवरच्या सुमारे 1,500 लाल पेट्या काढण्यात आल्या. तेथील लोक त्यामुळे काही अधर्मी झाले नाहीत. हा आक्षेप मी हलका मानत नाही. अतिथीला भाकरी दिली काय आणि भात दिला काय, ऋण फिटतेच; ऋण मनुष्याचे आहे, कागदाचे नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे की, एक वाहन मोडीत काढताना त्याच्यावरचा भार कोणी उचलावयाचा हे आधी ठरले पाहिजे. गडचिरोलीच्या आतल्या भागातील कित्येक गावांत आजही मोबाईलला रेंज नाही. खाजगी वाहकाला तिथे फेरी परवडत नाही, आणि न परवडणाऱ्या ठिकाणी न जाण्याचा त्याला हक्क आहे. टपालखाते आजवर ज्यामुळे वेगळे ठरले ते हेच, की हा हक्क त्याने स्वतःकडे घेतला नाही.

आणि हा भार प्रत्यक्ष वाहतो कोण? देशातील सुमारे 1,65,000 टपालकचेऱ्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के खेड्यांत आहेत, आणि त्या ग्रामीण डाकसेवकांच्या बळावर चालतात. या माणसांना पूर्वी खात्याबाहेरचे म्हणूनच ओळखत. आजही त्यांना दिवसाच्या चार-पाच तासांचा मोबदला मिळतो, नियमित नोकराचे निवृत्तिवेतन मिळत नाही. आपल्या सर्वांचे मनुष्यऋण जो आपल्या वतीने फेडतो, त्याचे ऋण आपण थकवून ठेवले आहे, आणि टपालाच्या भवितव्याची चर्चा करताना याची मला इतर सर्व आकड्यांहून अधिक लाज वाटते.

माझा पुतण्या भामरागडच्या पलीकडे एका शाळेत शिक्षक आहे. गेल्या श्रावणात त्याच्या आईने त्याला पत्र लिहिले आणि ते मी येथील पेटीत टाकले. त्या आठवड्यात पर्लकोटेला पूर येऊन रस्ता तुटला होता. पाणी उतरल्यावर डाकसेवक चिखल तुडवीत आला आणि अकराव्या दिवशी त्याने पत्र हवाली केले. दिवाळीला घरी आला तेव्हा पुतण्याने ते पाकीट बरोबर आणले होते. कोपरा भिजून वाळलेला होता, पत्त्यावरची शाई फुटली होती, आणि आईने डिंक लावून बंद केलेला भाग त्याने स्वतः फाडला तेवढाच फाटलेला होता.